रिकामी खुर्ची: विधिमंडळ, संसद आणि पुण्याच्या राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन संपलं की आम्ही काही जण पुण्यात एका घरी जमतो आणि त्या अधिवेशनाचं कामकाज वाचतो. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतले, दोन-तीन कॉलेजची मुलं. प्रश्नोत्तरांच्या याद्या, विधेयकं, पुरवणी मागण्या असं सगळं पुढ्यात असतं. त्यावर मी लिहितो, बोलावलं तर बोलायलाही जातो. मग लोक प्रश्न विचारतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

तुम्ही स्वतःला पुरोगामी म्हणवता. मग नक्की कोणत्या पक्षाचे?

कोणत्याच पक्षाचा सभासद नाही. पण तटस्थही नाही, हे आधीच सांगतो. माणसाची जात, धर्म, बाई की पुरुष, गाव की शहर यावरून त्याच्या वाट्याला कमी येऊ नये आणि सरकारला जाब विचारण्याची सोय शाबूत राहावी, या बाजूचा मी आहे.

पुण्यात राहून हे म्हणताना डोळ्यांपुढे जोतीराव फुले येतात, आणि तेही शाळा काढणारे फुलेच येतात असं नाही. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे निघाले. ठराव मंजूरच झाला. पण आज दीडशे वर्षांनी आपण त्या ठरावाबद्दल बोलतो आहोत ते त्या एका विरोधी मतामुळे. ते मत द्यायला त्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं होतं. माझ्या सगळ्या लिखाणाचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

तुमच्या लिखाणात 'रिकामी खुर्ची' सारखी येते. तिचं एवढं काय?

कारण गेल्या पाच-सहा वर्षांत लोकशाहीचं सर्वात जास्त नुकसान मला तिथे दिसतं. कोणी संसदेला कुलूप लावलं नाही, मतदानाचा हक्कही काढून घेतला नाही. जागा मात्र रिकाम्या राहिल्या. भरायच्या जागा भरल्या नाहीत, घ्यायच्या निवडणुका घेतल्या नाहीत, द्यायचे निकाल दिले नाहीत. हे गावोगावी घडलं, पण पुण्याइतकं ठळक उदाहरण शोधून सापडायचं नाही.

२९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. त्यांच्या पक्षाचं आणि माझं कधी जमलं नाही. पण महिनाभर आधी कसब्याच्या पोटनिवडणुकीत व्हीलचेअरवर बसून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ते कार्यकर्त्यांसमोर आले, तेव्हा पोटात कालवलं होतं. त्या जागेचं पुढे काय झालं? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. अपवाद दोनच आहेत. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असली तर, किंवा मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षापेक्षा बरीच जास्त. तरी निवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं असं, की यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडे दिवस मिळतील. १३ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे कारण फेटाळलं आणि तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो थेट ४ जून २०२४ च्या निकालात.

चौदा महिने. या चौदा महिन्यांत नव्या संसद भवनात कामकाज सुरू झालं, महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, भारतीय दंड संहितेच्या जागी येणारी भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. यातल्या कशावरही पुण्याचं मत नोंदलेलं नाही, ना बाजूने ना विरोधात.

आता याच्या शेजारी कसबा ठेवून बघा. बापट ज्या मतदारसंघातून पाच वेळा आमदार झाले तोच. आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ रोजी गेल्या आणि २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान पार पडलं. दोन महिने आणि चार दिवस. शहर एक, कायदा एक, मतदार तेच. सहा विधानसभा मतदारसंघांच्या लोकसभेसाठी जे जमलं नाही, ते त्यातल्या एकासाठी जमलं होतं.

खासदाराचं ठीक आहे. पण नगरसेवक नव्हते म्हणून कोणाचं काय अडलं? प्रशासक उलट शिस्तीत काम करतात, असं बरेच जण म्हणतात.

हा प्रश्न मला सुशिक्षित सोसायट्यांमध्ये हमखास विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर.

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढचं मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांची मुख्य सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती. आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक तयार करणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालू होते हे खरं. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, त्यालाही मुदतवाढ लागली.

या चार वर्षांत सर्वात जास्त पोळले ते शहरात नव्याने आलेले लोक. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली: वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला आणि इतर. त्यांची ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक आला नाही. सरपंचाच्या दारात जाऊन बसता येत होतं, तेही संपलं. मिळकतकराची बिलं मात्र आली.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. राज्यातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशय पाण्यावर होता. यातल्या कित्येक घरांत विहिरीचं, नुसतं क्लोरीन टाकलेलं पाणी येत होतं, गाळून शुद्ध केलेलं नव्हे. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण समाविष्ट गावांना शुद्ध पाणी कधी देणार, हा प्रश्न मार्च २०२२ नंतर मुख्य सभेत एकदाही उभा राहू शकला नाही, कारण मुख्य सभाच नव्हती. रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यावर तो प्रश्न वर्तमानपत्रात आला. शिस्तीत काम करणारे प्रशासक असतीलही, पण त्यांना उभं करून विचारायचं कुणी?

माझ्या स्वतःच्या गल्लीचं सांगतो. कोपऱ्यावरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबून वाहत होतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी ऑनलाइन तक्रार केली. टोकन नंबर आला. चार दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला: तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काकू तो मेसेज घेऊन खाली आल्या. साडी घोट्याच्या वर धरून चेंबरशेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हे बघा. कागदावर वाळलंय." पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. पाच वेळा झालं. त्यांनी ते सगळे टोकन नंबर एका जुन्या डायरीत तारखेसकट लिहून ठेवले आहेत. पूर्वीचा नगरसेवक काही फार कामसू होता असं नाही. पण सकाळी साडेनऊला त्याच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसलं की तो अधिकाऱ्याला फोन लावायचा, आणि न लावला तर पुढच्या निवडणुकीत ते त्याला महागात पडायचं. मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेला काकूंची अशी कोणतीच भीती नव्हती.

यात सगळा दोष भाजपचाच का? महाविकास आघाडीने काय केलं?

नाही, सगळा नाही. आमच्या बाजूचे लोक हे उत्तर ऐकताना अस्वस्थ होतात, तरी देणं भाग आहे.

नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढे जवळपास दीड वर्ष, जुलै २०२२ पर्यंत, महाराष्ट्र विधानसभेला अध्यक्ष नव्हता. सरकार महाविकास आघाडीचं होतं. गुप्त मतदानात आपलीच मतं फुटतील ही धास्ती होती, म्हणून आधी निवडणूक लांबवली. मग आवाजी मतदानासाठी नियम बदलले, तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी तारीख देईनात. दोन्हीकडून अडवाअडवी झाली, पण सुरुवात आपण केली. खुर्ची भरलेली असती तर २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या का, यावर वाद घालता येईल. रिकामी ठेवणं चूक होतं, यावर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी सभागृह चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केलं म्हणून भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. त्या दिवशी आमच्या गटात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. न्यायालयाचा युक्तिवाद आजही मला पटतो: आमदाराला काढून टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते, पण वर्षभर निलंबित केलं तर मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीविना राहतो. म्हणजे शिक्षा आमदाराला नाही, मतदारांना होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि त्याच दिवसांत तीन फौजदारी विधेयकं मंजूर झाली. तेव्हा त्याविरुद्ध लिहिताना मला २०२१ च्या त्या टाळ्या आठवत होत्या. आपण केलं तर रणनीती आणि त्यांनी केलं तर हुकूमशाही, असं म्हणून चालत नाही.

आणि विधान परिषदेचे राज्यपालनियुक्त १२ आमदार?

मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावं पाठवली. राज्यपालांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दीड वर्षाहून अधिक काळ यादी तशीच पडून राहिली, सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्यातल्या सात जागा भरल्या. मला यात सर्वात जास्त खटकतं ते हे, की 'नाही' म्हटलं असतं तर कोर्टात जाता आलं असतं. गप्प बसलेल्या माणसाविरुद्ध दाद मागणं फार अवघड.

विधान परिषद हवीच कशाला? हरलेल्यांची सोयच ना ती?

बऱ्याचदा तशी वापरली जाते, नाकारत नाही. पण ती राहावी असं माझं मत आहे. ७८ पैकी ३० सदस्य विधानसभेतून येतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, पदवीधर आणि शिक्षक सात-सात, १२ नियुक्त. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते, एवढं एक कारण मला पुरतं.

तिथल्या रिकाम्या जागांबद्दल मात्र थोडं. स्थानिक संस्थांच्या त्या २२ जागांना मत देतात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. तेच नव्हते, म्हणून मुदत संपेल तशा त्यातल्या एकेक जागा रिकाम्या होत गेल्या, पुण्याचीही. म्हणजे गल्लीतली खुर्ची रिकामी राहिली म्हणून विधान भवनातलीही रिकामी राहिली.

पक्षांतराच्या निकालांबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? न्यायालयाने तर सगळं चुकलं म्हटलं, मग सरकार टिकलं कसं?

शिवसेनेच्या फुटीवरचा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ११ मे २०२३ चा निकाल वाचला की लोक चक्रावतात, ते स्वाभाविक आहे. न्यायालयाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्यासाठी पुरेसा आधार नव्हता. शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, म्हणून मान्यता देणं बेकायदा ठरवलं. आणि तरीही उद्धव ठाकरे यांचं सरकार परत आणता येणार नाही म्हटलं, कारण त्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी 'वाजवी वेळेत' घ्यावा, असं सांगून प्रकरण विधानसभेकडे परत गेलं.

'वाजवी' म्हणजे किती, इथे सगळं घसरतं. बंड जून २०२२ मधलं. न्यायालयाने तारखा घालून दिल्यावर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला: एकनाथ शिंदे यांचा गट हीच खरी शिवसेना, आणि दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र नाही. फेब्रुवारीत राष्ट्रवादीबाबतही तसंच. त्यानंतर दहा महिन्यांत विधानसभेची मुदतच संपली.

१९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती पक्ष फोडणाऱ्याला धाक बसावा म्हणून केली. २००३ मध्ये एकतृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली. पण निकाल द्यायचं काम ज्याच्याकडे सोपवलं, तो स्वतः बहुमताच्या मर्जीवर निवडून येतो. हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं आणि निकालाला तीन महिन्यांची सक्ती असावी, ही माझी मागणी आहे. अध्यक्षपदी कोणत्याही पक्षाचा माणूस असला तरी ही मागणी बदलणार नाही.

विरोधी पक्षनेता नसला तर असा काय फरक पडतो? विरोधी आमदार आहेतच की.

२०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी महायुतीचे २३० आले. विरोधात शिवसेना उद्धव ठाकरे गट २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी शरद पवार गट १०. दहा टक्के जागा कोणाकडेच नाहीत म्हणून पद दिलं गेलं नाही. विधान परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली आणि डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं.

महाराष्ट्राचा १९७८ चा कायदा सांगतो की विरोधातल्या सर्वात मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्ष मान्यता देतील तो. दहा टक्क्यांची अट त्या कायद्यात लिहिलेली नाही. दिल्लीच्या विधानसभेत २०१५ मध्ये ७० पैकी भाजपचे फक्त तीन आमदार होते, तरी त्यांच्या नेत्याला हे पद मिळालं. द्यायचं मनात असेल तर देता येतं.

फरक काय पडतो? विरोधी पक्षनेता उभा राहिला की सभागृहात त्याला आधी संधी मिळते. त्याच्याकडे कार्यालय असतं, कर्मचारी असतात, कागद मागवता येतात. जिल्ह्यात अन्याय झालेला माणूस निवेदन घेऊन त्याच्याकडे जातो. आमच्याच पुणे शहरात आठ आमदारांपैकी सात सत्तापक्षांचे आहेत, विरोधातला एकच, वडगाव शेरीचा. उरलेल्या सात मतदारसंघांत सरकारविरुद्ध तक्रार असलेल्याने जायचं कुठे? संसदेतही तेच. सतराव्या लोकसभेने पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षाविना काढली, आणि ते पद विरोधकांना द्यायचा प्रघात होता.

अधिवेशनात नुसता गोंधळ असतो. जास्त दिवस चालवून काय मिळणार?

गोंधळ टीव्हीवर दिसतो, कारण तो दाखवायला सोपा. पायऱ्यांवरची घोषणाबाजी, सभात्याग, राजदंड पळवणं. ज्याने सरकार खरोखर अडचणीत येतं, ते कामकाज फार शांत असतं.

तारांकित प्रश्नांची एखादी यादी उघडून बघा. भाषा ठरलेली. अमुक ठिकाणी अमुक झालं, 'हे खरे आहे काय'. असल्यास चौकशी केली काय, कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. खाली मंत्र्यांचं उत्तर: 'होय', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. आमच्या गटातल्या एका मुलीला मात्र तिच्या तालुक्यातल्या आश्रमशाळेबद्दलच्या प्रश्नाला 'अंशतः खरे आहे' असं उत्तर दिसलं आणि ती उठूनच उभी राहिली. सरकारने लेखी कबूल केलं होतं. तो एक कागद घेऊन गावातले लोक पुढची लढाई लढू शकतात. लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, आश्वासन समिती, लोकलेखा समिती, ही सगळी हत्यारं अधिवेशन चाललं तरच चालतात.

आणि अधिवेशन आखडतंय. १९५३ च्या नागपूर करारातून वर्षातलं एक अधिवेशन विदर्भात घ्यायची प्रथा आली. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर चाललं, २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर. एवढ्या दिवसांत शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या आणि विधेयकं उरकल्यावर कापूस-सोयाबीनला किती वेळ उरतो? संसदेचंही तेच. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसायची, सतरावी ५५ दिवस. मार्च २०२३ मध्ये केंद्राच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना मंजूर केल्या.

सभागृह नीट चाललं तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तो धडा गिरवला. त्या राष्ट्रीय कायद्याची जागा घेणारा नवा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये आठवडाभरात दोन्ही सभागृहांतून बाहेर पडला. महाराष्ट्रातल्या मजुरांना त्यावर काय वाटतं, हे ऐकायला एक समितीसुद्धा बसली नाही.

सभागृह ढिम्म राहिलं तर काय होतं, तेही पुण्याने पाहिलं आहे. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं मसुदा बदलत पडून होतं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरला कायदा झाला. मी अजून त्या पुलावरून जाताना डावीकडे बघतो. जे विधेयक इतकी वर्षं अवघड होतं, ते चार महिन्यांत शक्य झालं. ही किंमत देण्याआधी का झालं नाही, याचं उत्तर कोणत्याच सरकारने दिलेलं नाही.

जनसुरक्षा विधेयकाला तुमचा विरोध का? नक्षलवाद्यांविरुद्धचाच तर कायदा आहे.

नक्षलवाद्यांविरुद्ध बेकायदा कारवायांविरुद्धचा केंद्राचा यूएपीए आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा मकोका आहे. नवं हत्यार कशासाठी, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, हे पहिलं कारण. दुसरं, त्यातली 'बेकायदेशीर कृत्य' ही व्याख्या इतकी सैल आहे की बोलणं, लिहिणं, खुणा करणं सगळं तिच्यात बसू शकतं. संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला मिळतो, आणि पुढे तिच्या सभेला जाणारा, वर्गणी देणारा सगळेच अडचणीत येतात.

संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती गेल्या. आमच्या गटानेही पाठवली होती, पाच पानी, सह्यांसह. मसुद्यात काही बदल झाले, 'कडव्या डाव्या' संघटनांचा उल्लेख आला. पण डावी विचारसरणी हा गुन्ह्याचा निकष कसा होऊ शकतो? १० जुलै २०२५ ला विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. तिथे ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. इतर विरोधी पक्षांचा आवाज त्या दिवशी कुठे होता, हे आम्ही त्यांच्या पुण्यातल्या नेत्यांना समोरासमोर विचारलं आहे आणि अजून विचारतो आहोत. नगरपालिकेतल्या फुल्यांच्या मतासारखंच निकोल्यांचं ते एक मत कामकाजात कायमचं राहील.

तुम्ही 'लाडकी बहीण'च्या विरोधात आहात ना?

नाही. बाईच्या खात्यात थेट दीड हजार येणं मला चांगलंच वाटतं. ज्यांना ते 'फुकटचे' वाटतात त्यांनी एखाद्या घरकाम करणाऱ्या बाईला विचारावं, पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे आल्यावर काय वाटलं. माझा आक्षेप पैसे कुठून आणले यावर आहे. सामाजिक न्याय विभागाचा निधी इकडे वळवला अशी तक्रार २०२५ मध्ये खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच केली. दलित-आदिवासी मुलांच्या वसतिगृहाचे पैसे त्यांच्याच आयांना देऊन कोणाचं भलं होणार? यावर सभागृहात पूर्ण दिवस चर्चा व्हायला हवी होती.

मी नोकरी करणारा साधा माणूस आहे. मी करू काय?

आमच्या गटाला जे जमलं तेवढंच सांगतो.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर रोजचा कामकाजाचा क्रम आणि प्रश्नांच्या याद्या मराठीत असतात. आपल्या आमदाराने या अधिवेशनात किती प्रश्न विचारले आणि कशाबद्दल, एवढंच एका कागदावर उतरवा. तो कागद घेऊन त्यांच्या कार्यालयात जा. भांडायला नाही, नुसता दाखवायला. आम्ही गेलो तेव्हा एका आमदारांच्या स्वीय सहायकाने झेरॉक्स मागून घेतली आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमच्याकडे विषय मागितले. प्रश्न कसा लिहायचा, कोणत्या खात्याला लावायचा, हे आम्ही त्यानंतर शिकलो. स्थानिक प्रश्नासाठी विनंती अर्ज समितीकडे अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आता १६५ नगरसेवक आलेत. मुख्य सभेत तुमच्या प्रभागातले चौघं बोलतात का, स यादीतला, म्हणजे नगरसेवकाच्या हातातल्या प्रभागनिधीतला, पैसा बाकड्यांवर आणि कमानींवर जातो की ड्रेनेजवर, हे बघा. नवं सभागृह आल्यावर आमच्या काकू डायरी घेऊन चौघांपैकी जवळ राहणाऱ्या नगरसेविकेकडे गेल्या. पाच टोकन नंबर, पाच तारखा, पाच वेळा 'निकाली'. ती मुलगी तिशीची, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिने डायरीच्या पानाचा फोटो काढला आणि म्हणाली, "काकू, हे पान मी सभेत वाचून दाखवू का?" काकू म्हणाल्या, "वाच. माझं नावसुद्धा घे."